कोनाड्यात मॉनिटर बसवायचाय: डोळ्यांपासून किती लांब, भिंतीपासून किती मोकळा?

निळाई
नमस्कार मंडळी. घरात फर्निचरचं काम चालू आहे आणि सुतारदादांनी "परवापर्यंत मापं फायनल करा" अशी तंबी दिलीय, म्हणून घाईने धागा काढतेय.

पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. लहान बेडरूममध्ये भिंतभर युनिट करायचं आहे. मध्ये टेबल, त्यावर मॉनिटरच्या मापाचा कोनाडा, बाजूला आणि वर पुस्तकं. टेबलाखाली शटरवाला खण, त्यात सीपीयू, यूपीएस आणि राउटर. दार आत उघडतं, त्यामुळे टेबलाची खोली २० इंचांच्या वर जात नाही.

मी जीएसटी आणि हिशेबाची कामं घरून करते, म्हणजे दिवसभर एक्सेल. संध्याकाळी सासरे त्याच मशीनवर बुद्धिबळ खेळतात. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे, प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचं आणि जवळचं एकाच काचेत) आहे. सध्याचा २२ इंची मॉनिटर आता दमलाय, २७ इंची घ्यायचा विचार आहे.

तर, १) २० इंची टेबलावर २७ इंची मॉनिटर फार जवळ होईल का? २) कोनाड्यात आणि बंद खणात सगळं तापेल का? आमच्याकडे रस्त्याची धूळ भयंकर येते, त्यामुळे मला स्वतःला बंद खणच बरा वाटतोय.

रातकिडा
२७ कशाला, थेट ३२ इंची फोर-के (खूप बारीक ठिपक्यांचा) घे. एकदा मोठ्या पडद्याची सवय झाली की लहान नको वाटतो. अंतराचं फार मनावर घेऊ नकोस, डोळे जुळवून घेतात.

चष्मेवाली
रातकिडा, डोळे जुळवून घेतात हे खरं, पण ते काम आतल्या स्नायूंना दिवसभर करावं लागतं. संध्याकाळी कपाळ दुखतं ते त्यामुळेच. (मी डोळे तपासण्याच्या व्यवसायात आहे, रोज अशी माणसं समोर बसतात.)

निळाई, साधारण नियम असा की पडदा डोळ्यांपासून ५० ते १०० सेंमी असावा. अमेरिकेच्या 'ओशा' या कामगार-सुरक्षा संस्थेच्या मार्गदर्शनातही २० ते ४० इंच हेच माप आहे. घरी तपासायचं तर खुर्चीला पाठ टेकून बस, हात सरळ पुढे कर, मधलं बोट पडद्याला जेमतेम टेकलं पाहिजे. बहुतेकांचं ते ६० ते ७० सेंमी भरतं. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली.

आता तुझं गणित. स्टँडवरच्या मॉनिटरचा पडदा भिंतीपासून ६-७ इंच पुढे येतो. २० मधून ते वजा केले की टेबलाच्या कडेपर्यंत उरले १३. आपले डोळे कडेच्या साधारण ६-७ इंच मागे असतात. म्हणजे जेमतेम २० इंच, ५० सेंमी. अगदी खालच्या मर्यादेवर. २७ इंची पडदा ६० सेंमी रुंद असतो. ५० सेंमीवरून त्याची दोन्ही टोकं बघायला मान फिरवावी लागेल, आणि एक्सेलचे कॉलम टोकापर्यंत जातात.

पिंपळपार
+१. मोठा पडदा जवळून बघणं म्हणजे थिएटरात पहिल्या रांगेत बसणं.

सुतारपक्षी
फर्निचर हे माझं रोजचं काम, तर त्या बाजूने लिहितो.

पहिली गोष्ट, टेबलाची खोली बऱ्याचदा गरजेपेक्षा प्लायवरून ठरते. शीट ८ बाय ४ फुटांचं. ४ फुटांचे दोन भाग केले की २ फुटांच्या दोन पट्ट्या, वाया काहीच नाही. म्हणून सुतार २ फूट सुचवतात. ३० इंचाचं टेबल मागितलं की १८ इंचाची पट्टी उरते आणि ते नाराज होतात. पण ती पट्टी वरच्या फळ्यांना लागते, त्यामुळे ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी ३० चा आग्रह धरावा.

निळाई, तुमची अडचण दार ही आहे. दाराच्या बाजूचा टेबलाचा कोपरा तिरका कापून बाकीचं टेबल २४ इंची करता येतं का बघा. दार फक्त त्या कोपऱ्यालाच लागत असणार. दुसरं, कीबोर्डचा सरकता ट्रे लावा. तो बाहेर ओढला की माणूस आपोआप ८-१० इंच मागे बसतो. काम संपलं की ट्रे आत, दार मोकळं.

निळाई
दार कोपऱ्यालाच लागतंय, आत्ता जाऊन बघून आले! ट्रेचं मात्र डोक्यातच आलं नव्हतं. पण मग स्टँडसकट मॉनिटर कोनाड्यात अगदी मागे, भिंतीला टेकवून ठेवला तर? तेवढेच दोन-तीन इंच मिळतील.

जुना_माउस
थांब. खरी गोम तिथेच आहे, आणि तुझे दोन प्रश्न एकमेकांत अडकतात ते याच जागी.

अंतर मिळवायला मॉनिटर मागे ढकलायचा म्हटलं की त्याच्या पाठीमागची हवा बंद होते. मॉनिटरच्या उष्णतेची वाट पाठीवरच असते. वरच्या बाजूला ज्या बारीक फटी दिसतात त्यातून गरम हवा वर निघते आणि खालून गार हवा आत ओढली जाते. चारही बाजूंनी कोनाडा, वर फळी आणि पाठ भिंतीला, असं झालं की तीच गरम हवा तिथल्या तिथे फिरत राहते. बहुतेक कंपन्या माहितीपुस्तिकेत सगळीकडून १० सेंमीच्या आसपास जागा सोडा म्हणतात. ते पान कोणी उघडत नाही, पण उघडावं.

तरी घाबरू नकोस. आजचा २७ इंची एलईडी मॉनिटर साध्या कामाला २५-३५ वॉट घेतो. तो एकटा फार तापवत नाही. खरी काळजी शटरमागच्या सीपीयूची आहे. ऑफिसच्या कामाचं मशीन ६० ते १०० वॉट, गेम खेळणाऱ्यांचं ३०० च्या वर. भिंतीतून जेवढी वीज घेतली तेवढी सगळी शेवटी उष्णताच होते, दुसरीकडे जात नाही. बंद लाकडी खणात १०० वॉट म्हणजे आत जुना पिवळा बल्ब दिवसभर पेटता ठेवल्यासारखं.

मी दुरुस्तीच्या धंद्यात आयुष्य काढलं. पॉवर सप्लायमध्ये आणि मॉनिटरच्या बोर्डावर उभे डबीसारखे कपॅसिटर असतात. त्यांचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. मॉनिटर 'चालू होतो आणि विझतो' अशी तक्रार आली की उघडल्यावर बऱ्याचदा तेच फुगलेले दिसतात.

आणि यूपीएस त्या खणात मुळीच नको. त्यातल्या बॅटरीचं आयुष्य २५ अंश धरून सांगितलेलं असतं. त्याच्या वर ८-१० अंश गेलं की तेही निम्म्यावर. सीपीयूची ऊब बॅटरीला देऊन काय मिळवायचं?

वऱ्हाडवारा
माउसकाकांना अनुमोदन. आमी अकोल्याचे, उन्हाचं आमाले विचारा.

मे महिन्यात बाहेर ४५ अंश असते. बंद खोली दुपारी ४० ले टेकते. आता मॉनिटरच्या पुस्तिकेत वापरायचं तापमान पहा, भल्या भल्यांचं ० ते ४० अंश लिहिलेलं असते. म्हणजे खोलीनंच त्याची मर्यादा गाठली, वर कोनाड्याचे पाच-सात अंश कुठं ठेवता? तुमच्या पुण्यात तेवढं नाही, पण एप्रिल-मेमध्ये तुम्हीही चाळिशी पाहताच.

माझ्या टेबलाले मागची फळीच नाही. मॉनिटर भिंतीपासून वीतभर पुढे, सीपीयू टेबलाच्या बाजूले उघडा, जमिनीपासून चार इंच उंच पाटावर. ब्राइटनेस निम्म्यावर. त्यानं वीजही कमी, उष्णताही कमी आणि डोळ्यालेही बरं. कूलरचा झोत मात्र मशीनवर सोडू नका. ती हवा गार असते, पण ओली असते.

खाडीकाठ
रत्नागिरीहून. मागची फळी काढा हा सल्ला सरसकट नको, ही विनंती.

आमच्याकडे पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते. तिथे पाठ उघडी ठेवली तर भिंतीचा दमटपणा थेट मशीनला. शिवाय पाली. पॉवर सप्लाय, इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, जिथे ऊब तिथे पाल. ती आत गेली की तिचाही जीव जातो आणि बोर्डाचाही. मुंग्यांचं वेगळंच. त्यामुळे हवा हवीच, पण जाळीतून. आणि ओलीची भिंत असेल तर फळी ठेवा, पण भिंत आणि फळीत फट सोडा.

पावसाळ्यात मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये हेही सांगतो. रोज थोडा वेळ चालू केलं की आतली ऊब दमटपणा घालवते.

निळाई
खाडीकाठ, आमची ती भिंत आतली आहे, पलीकडे स्वयंपाकघर. ओल नाही. पण धुळीचं काय? जाळीतून येणारच ना?

जुना_माउस
येणार. पण बंद शटरमागेही धूळ येतेच, कारण सीपीयूचा पंखा फटीफटीतून हवा ओढतो. बंद खणात धूळही जाते आणि उष्णताही अडकते, म्हणजे दोन्हीकडून तोटा. जाळी असली तर ती ब्रशने पुसता तरी येते. मशीन जमिनीवरून उचललं की निम्मा केर-कचरा तिथेच कमी होतो. दर तीन-चार महिन्यांनी मशीन बंद करून, वायर काढून, ब्लोअर मारावा. मारताना आतल्या पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नुसतं गरगर फिरू देऊ नये.

हिमगंध
आमच्याकडे उलटी कथा. कॅनडातल्या कॅल्गरीत राहते. थंडीत बाहेर उणे ३० झालं की मशीनची उष्णता हवीहवीशी वाटते. :)

पण इथेही हवेचा प्रश्न आहेच. घर गरम करणाऱ्या फर्नेसच्या हवेची तोंडं जमिनीत, बहुधा खिडकीखाली असतात. लोक टेबलही खिडकीपाशीच मांडतात. मग ती कोरडी गरम हवा टेबलाखालून वर येते, सीपीयूला लागते आणि आपल्या डोळ्यांनाही. मी त्या तोंडावर हवा वळवणारं प्लास्टिकचं झाकण लावलंय, लोहचुंबकाने चिकटतं. डोळ्यांची चुरचुर बरीच कमी झाली.

चष्मेवाली
हिमगंध, फार महत्त्वाचं लिहिलंस. पडदा बघताना आपण पापण्या नेहमीपेक्षा खूप कमी मिटतो. त्यात पंखा, एसी किंवा हीटरचा झोत चेहऱ्यावर असला की डोळ्यातला ओलावा भराभर उडतो. मॉनिटर उंच लावला तर डोळे जास्त उघडे राहतात, मग आणखी कोरडे. पडदा खाली असला की पापणी अर्धी झुकते आणि डोळा झाकलेला राहतो.

निळाई, खणाला पंखा लावलास तर त्याची गरम हवा गुडघ्यांवर किंवा चेहऱ्यावर येणार नाही अशी दिशा ठेव.

आता सासऱ्यांचा चष्मा. प्रोग्रेसिव्हमध्ये वरचा भाग लांबचं बघायला, खालचा वाचायला, आणि मॉनिटरच्या अंतराचा भाग मध्ये अरुंद पट्ट्यासारखा असतो. पडदा उंच असला की ते हनुवटी वर करून खालच्या भागातून बघतात, आणि अर्ध्या तासात मान धरते. दोन उपाय. मॉनिटर खाली आणि किंचित मागे झुकलेला. किंवा फक्त कम्प्युटरसाठी वेगळा चष्मा. त्यासाठी घरी टेपने त्यांच्या डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर मोज आणि तो आकडा तपासणीला घेऊन जा. वाचनाचा नंबर ४० सेंमी धरून काढतात, मॉनिटर ६५-७० वर असतो. आकडा नेला नाही तर अंदाजाने नंबर दिला जातो.

पिंपळपार
माझ्या आईला हेच करून दिलं. मान दुखते म्हणून दोन वर्षं उशा बदलत होतो!

रातकिडा
बरं, ३२ चा हट्ट सोडतो. पण २७ घेताना फुल एचडी घेऊ नकोस, हे मनापासून सांगतोय. (फुल एचडी, क्यूएचडी, फोर-के या चढत्या क्रमाने पडद्यावरचे ठिपके वाढत जातात.) कारण लिहितो.

साधारण निकोप डोळ्याला कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखता येतो. २७ इंची फुल एचडीत एक ठिपका ०.३१ मिमीचा. तो दिसेनासा व्हायला जवळपास १०७ सेंमी लांब बसावं लागेल. २४ इंची फुल एचडीत ०.२८ मिमी, ९५ सेंमी. २७ इंची क्यूएचडीत ०.२३ मिमी, ८० सेंमी. २७ इंची फोर-केत तेच ५३ सेंमी. म्हणजे जवळ बसायचंच असेल तर ठिपके बारीक हवेत. ५०-६० सेंमीवरून २७ इंची फुल एचडीवर देवनागरीतली जोडाक्षरं आणि एक्सेलमधले बारीक आकडे ओबडधोबड दिसतात.

फोर-के घेतलास तर विंडोजमध्ये स्केलिंग (अक्षरं मोठी करायची सोय) १५० टक्के ठेव, नाहीतर अक्षरं मुंगीएवढी.

चष्मेवाली
गणित बरोबर. एकच जोड देते. ठिपका दिसला म्हणजे डोळा बिघडला असं नाही. रोजच्या कामात २४ इंची फुल एचडी ६५-७० सेंमीवर अनेकांना सुखाचा होतो. अक्षर वाचायला ताण पडला की माणूस नकळत पुढे वाकतो. तो वाकायला लागला की समजायचं, एकतर अक्षर लहान आहे किंवा नंबर बदललाय.

खाडीकाठ
अवांतर: नव्वदच्या दशकात आमच्या बँकेत पहिले कम्प्युटर आले तेव्हा त्या खोलीला एसी. चपला बाहेर काढून आत जायचं. कर्मचारी पंख्याखाली, कम्प्युटर एसीत.

जुना_माउस
अवांतरात मीही. १७ इंची सीआरटी (जुना, डबड्यासारखा खोल) मॉनिटर ८०-९० वॉट सहज खायचा आणि वरच्या फटींतून चांगला गरम वाफारा यायचा. त्यावर घराघरांत क्रोशाचा रुमाल किंवा प्लास्टिकचं कव्हर. कित्येक घरांत कव्हर पुढून दुमडून वर ठेवायचे आणि तसाच चालू करायचे, म्हणजे नेमक्या त्या फटी झाकलेल्या. त्याची पाठ दीड फूट खोल, म्हणून तेव्हा अंतराचा प्रश्नही असाच होता. पडदा थेट नाकासमोर यायचा. कोपऱ्यातली तिकोनी टेबलं तेव्हा निघाली, कारण पाठ कोपऱ्यात शिरायची.

हवेच्या फटी बंद करायची ही हौस मोठ्या कंपन्यांनाही महागात पडलीय. १९८० सालचा ॲपल थ्री हा कम्प्युटर पंख्याशिवाय आणि हवेच्या फटींशिवाय काढला होता, शांत आणि नीटस असावा म्हणून. तो तापायचा.

सुतारपक्षी
मूळ मुद्द्यावर येतो, कारण ताईंना परवा माप द्यायचंय.

कोनाडा सोडा. त्याऐवजी मॉनिटर भिंतीवर लावा. पाठीवर ज्याला चार भोकं असतात तो मॉनिटर घ्या. भोकांमधलं अंतर १०० मिमी, काहींत ७५. स्वस्तातल्या काही मॉडेलांना ही भोकं नसतात, ते बघूनच घ्या. साधा झुकणारा ब्रॅकेट लावला की पडदा भिंतीपासून तीनेक इंचांवर येतो. स्टँडवर तो ६-७ इंच होता. म्हणजे डोळ्यांना ३-४ इंच मिळाले आणि स्टँडची जागा टेबलावर मोकळी झाली. पाठीमागे दोनेक इंच फट राहते, पण वर, खाली, बाजूला सगळं उघडं असल्यामुळे हवा सरळ वर निघून जाते. मात्र वरची पुस्तकांची फळी मॉनिटरच्या डोक्यापासून किमान सहा इंच वर घ्या.

कोपरावाला आर्म घेऊ नका. त्याची घडी मिटायला मागे जागा लागते आणि पडदा परत पुढे येतो.

सीपीयूच्या खणाला शटरऐवजी जाळीचं दार. मागे प्लाय न लावता तळाशी आणि वर, दोन्हीकडे वाट ठेवा. टेबलाच्या मागच्या कडेला भिंतीलगत दीड-दोन इंचाची लांब फट सोडा. गरम हवाही तिथून वर जाते आणि वायरीही तिथूनच खाली उतरतात. त्या गोल प्लास्टिकच्या वायर-टोप्या बसवायची गरज नाही.

जुना_माउस
दादांनी छान जुळवलंय. एकच बघा, त्या फटीतून निघालेली गरम हवा नेमकी मॉनिटरच्या पाठीला लागेल. म्हणून सीपीयूचा खण मॉनिटरच्या बरोबर खाली नको, डाव्या किंवा उजव्या टोकाला घ्या.

एवढं करून पंखा लागेलसं वाटत नाही. लागलाच तर १२० मिमीचा एक पुरे. हिशोब असा की १०० वॉट उष्णता खोलीपेक्षा ८ अंश वाढीत बाहेर काढायला साधारण २२ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. या मापाच्या पंख्यावर ४० ते ६० लिहिलेलं असतं, जाळीमुळे थोडं घटलं तरी उरतं. खणात एक स्वस्त डिजिटल तापमापी ठेवा. दोन तास काम झाल्यावर खोलीपेक्षा ५-६ अंश जास्त दाखवत असेल तर निवांत राहा. १२-१५ असेल तर पंखा लावा.

वऱ्हाडवारा
आन राउटर बाहेर ठेवा. तोही तापते, आन लाकडात कोंबला की वायफाय दुसऱ्या खोलीपर्यंत नीट पोचत नाही.

निळाई
सगळ्यांचे मनापासून आभार. कागदावर पुन्हा काढलं. कोपरा तिरका कापून टेबल २४ इंची, सरकता ट्रे, कोनाडा रद्द, मॉनिटर भिंतीवर. टेपने अंदाज घेतला तर ट्रे थोडासाच ओढून बसल्यावर डोळ्यांपासून साधारण ७५ सेंमी येतंय. सीपीयू खिडकीकडच्या टोकाला जाळीमागे, यूपीएस पलीकडे मोकळ्या फळीवर, राउटर कपाटावर. मॉनिटर २७ इंची क्यूएचडी.

एकच अडचण उरलीय. भिंतीवर पक्का बसवला की उंची बदलता येणार नाही. मी ५ फूट १, सासरे पावणेसहा. कोणाच्या मापाने लावू?

चष्मेवाली
तुझ्या. वरची कड तुझ्या बसलेल्या डोळ्यांच्या रेषेत किंवा इंचभर खाली. त्यांना तो आपोआप खाली वाटेल आणि प्रोग्रेसिव्हमधून बघायला तेच सोयीचं आहे. उंच माणसाला खाली बघणं झेपतं, बुटक्याला दिवसभर वर बघणं झेपत नाही. ब्रॅकेट किंचित मागे झुकव. आणि माप घेताना नेहमीच्या खुर्चीवर, नेहमीच्या उंचीला बस, स्टुलावर नको.

सुतारपक्षी
ड्रिल मारण्याआधी एक विचारून घ्या. स्वयंपाकघराकडची ती भिंत विटांची आहे की हलक्या पांढऱ्या ब्लॉकची? हल्लीच्या बिल्डिंगांत बहुधा ब्लॉक असतात. त्यात साधा प्लास्टिकचा गट्टू सैल पडतो, ब्लॉकसाठीचे वेगळे लांब प्लग येतात ते आणा. पलीकडे सिंकचा पाइप भिंतीतून गेलाय का तेही प्लंबरला विचारा.

निळाई
ब्लॉकच आहेत, बिल्डिंग नवी आहे. पाइपचा नकाशा सोसायटीच्या ऑफिसात आहे, उद्या सकाळी बघून येते. प्लगचं नाव सुतारदादांना पाठवलंय.

पिंपळपार
सासऱ्यांना म्हणावं नवीन मॉनिटरवर पहिला डाव माझ्याशी!